मालगुजाराच्या वाड्याजवळची पाणचक्की: खात्री कशी करावी?

प्रश्न (साकोली तालुका)
आमच्या गावच्या माजी मालगुजारी तलावाच्या (मालगुजार म्हणजे गावचा सारा भरणारा पूर्वीचा जमीनदार) पाळीखाली, तुडूमातून (पाणी सोडायच्या दारातून) निघणाऱ्या पाटाला लागून, एक पडके दगडी बांधकाम आणि दोन मोठे गोल दगड आहेत. वडीलधारी मंडळी त्याला मालगुजाराची पाणचक्की म्हणतात. जवळच मालगुजारांचा वाडा असून वारसदार तो पाडण्याच्या विचारात आहेत. येथे खरोखर धान्य दळले जात होते, हे कशावरून ठरवावे?

उत्तर (गोंदिया)
आधी दगड नीट पाहावेत. पाण्यावरच्या जात्यात खालची तळी, म्हणजे खालचा गोल दगड, स्थिर असते. तिच्या मधल्या आरपार भोकातून उभा कणा वर येऊन वरची तळी फिरवतो, आणि दोन्ही तळ्यांच्या समोरासमोरच्या बाजूंवर टाकीचे (छिन्नीचे) घाव दिसतात. याउलट जमिनीत गोल दगडी चर असेल आणि त्यात उभे फिरणारे चाक असेल, तर ती बैलांनी ओढायची चुन्याची घाणी होय. जुन्या वाड्यांच्या बांधकामाला चुना लागत असे, त्यामुळे ही शक्यता दुर्लक्षू नये. संभाजीनगरच्या पाणचक्कीत पाण्याचा झोत आडव्या चाकाच्या पात्यांवर पडतो. तशा चाकासाठी तळीखाली पोकळी आणि पाणी बाहेर जाण्याची वाट लागतेच. ती आपल्याकडे आहे का?

उत्तर (पवनी)
पाण्याचा हिशोबही करावा. सेकंदाला ५० लिटर पाणी २ मीटर उंचीवरून पडले, तर सुमारे ९८० वॅट शक्ती मिळते. लाकडी चाकातून तिचा काही भागच हाती लागतो, तरी लहान जात्याला तो पुरतो. धानाचे पाणी वाया जाईल म्हणून मालगुजार चक्की बांधणार नाही, असे काहींना वाटते. ते मला पटत नाही, कारण चाक फिरवून गेलेले पाणी पुढे बांध्यांनाच, म्हणजे धानाच्या शेतांनाच, मिळते. मात्र पाट वाहता असेल तेवढ्याच काळात ती चालली असणार.

प्रश्नकर्ता
एका तळीला मधोमध भोक आणि टाकीचे घाव आहेत, आणि बांधकामाखाली मातीने बुजलेली कमान आहे. वाड्याचे काय करावे?

उत्तर (गोंदिया)
मग पाणचक्कीची शक्यता बळकट आहे. कमानीतील माती जाणकाराशिवाय उपसू नका. मालगुजारी १९५० च्या कायद्याने संपली, पण राहते घर मालकांकडेच राहिले. म्हणून वारसदारांशी आदराने बोलणे हाच मार्ग आहे. वाड्यातील जुन्या बह्या (हिशोबाच्या वह्या) आणि कागद त्यांनी रद्दीत देऊ नयेत, एवढी विनंती आजच करावी. त्यासोबत तहसील कचेरीत गावची बंदोबस्ताची मिसल (जुन्या जमीन-मोजणी व साराआकारणीची नोंद) व वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढी-हक्कांची नोंद) मागावे. तलावाच्या पाण्यावरचे हक्क त्यात नोंदलेले असतात, आणि चक्कीचा उल्लेखही तेथे मिळू शकेल.