अमेरिकन सामोआ : वसाहत की आणखी काही?

नकाशावेडा
परवाच्या धाग्यात एकाने ठोकून दिलंय, "अमेरिकन सामोआ ही हवाईजवळची वसाहत, बिचाऱ्यांना नागरिकत्वही देत नाहीत." हवाईजवळ? मध्ये विषुववृत्त आणि चार हजार किलोमीटर समुद्र आहे! शेजारी आहे तो स्वतंत्र सामोआ. १८९९ साली जर्मनी-अमेरिकेने बेटं वाटून घेतली, त्यातला पश्चिमेचा, जर्मनीचा वाटा म्हणजे हा सामोआ. आणि नागरिकत्व? काही सामोअनांनी नागरिकत्वासाठी खटला भरला, त्याच्या २०२१ च्या अपिलात ते नको म्हणून तिथलं सरकारच कोर्टात उभं होतं. नव्वद टक्क्यांच्या आसपास जमीन कुळांच्या सामाईक मालकीची, कारभार मताईकडे, म्हणजे कुळाच्या प्रमुखाकडे. (कूळ म्हणजे घराणं, कुळकायद्यातलं नव्हे, आधीच सांगतो.) अमेरिकेची राज्यघटना पुरती लागू झाली तर बाहेरच्यांना जमीन विकायची बंदी टिकणार नाही, ही भीती.

रोखठोक
सरकार म्हणजे जनता नव्हे. खटला भरणारेही सामोअनच होते. राष्ट्राध्यक्षासाठी मत नाही, काँग्रेसमधल्या प्रतिनिधीला विधेयकावर शेवटचं मत नाही, पासपोर्टात छापून देतात की हा 'नॅशनल', नागरिक नव्हे. वसाहतच.

जर्सीकर
त्या 'नॅशनल'ला व्हिसा लागत नाही, हवी तिथे नोकरी. मी अकरा वर्षं ग्रीन कार्डच्या रांगेत. अशी गुलामी इकडेही पाठवा.

रोखठोक
तुम्ही तिकीट काढून गेलात. त्यांच्या दारात नौदल येऊन बसलं.

खाडीकाठ
कुळकायदा काढलातच म्हणून. काकांनी कलमांची बाग मुंबईच्या पार्टीला विकली. पार्टीने जांभ्याचा गडगा घातला, विहिरीची वाट बंद. काकू आता देवळामागून वळसा घालून घागर आणते. सामोआवाले शहाणे.

कुळाचा_नातू
ती कलमं लावली कुणी? आमच्या आज्याने. खंडही त्यानेच भरला. आणि सामाईक म्हणजे काय, ते धाकट्या पातीच्या पोरांना विचारा.

खाडीकाठ
खंडावर येऊ नका. सातबारा टाकू इथे?

कुळाचा_नातू
टाकाच. फेरफारासकट.

डेकवरून
सातबारे आवरा. मी अमेरिकन सामोआतल्या पागो पागोला तीनदा गेलोय. बंदर म्हणजे झिजलेल्या ज्वालामुखीचं तोंड, चहूकडे डोंगर, पाऊस आणि ट्यूनाच्या कारखान्याचा वास. बॉयलर सूट दोनदा धुतला तरी जात नाही. स्वतंत्र सामोआच्या अपियाहून शनिवारी सकाळी निघालो, संध्याकाळी पोचलो तर तिथे शुक्रवार! २०११ साली सामोआने ३० डिसेंबर गाळून वाररेषा ओलांडली, हे मागेच राहिले. धक्क्यावरच्या एकाला विचारलं, नागरिक व्हायचंय का? म्हणाला, भाऊ अमेरिकेच्या सैन्यात आहे, त्याला मत नाही याचा राग येतो. पण जमीन जाणार असेल तर राहू दे.

रोखठोक
म्हणजे मरायला चालतो, मतदानाला नाही. याला तुमच्या नकाशात काय म्हणतात?

नकाशावेडा
बरं बाबा, वसाहत म्हणा. संयुक्त राष्ट्रांच्या स्वशासन नसलेल्या प्रदेशांच्या यादीतही नाव आहे अजून, तेवढं मान्य. हवाईजवळची मात्र म्हणू नका.

खाडीकाठ
खंडाचा मुद्दा राहिलाच. सातबारा शोधतोय.