मदत हवी आहे: आखाजीला केक बसला, ओळखीचं गिऱ्हाईक पैसे परत मागतंय

गोडघास, जळगाव

नमस्कार. 2022 पासून मी घरून केक करते. त्याच वर्षी अन्न परवान्याची नोंदणी केली, तेव्हा वर्षाला 100 रुपये फी होती. चौदा आकडी नंबर प्रत्येक खोक्यावर चिकटवते. सगळं एगलेस. आमच्या घरात अंडं येतच नाही आणि भागातली मारवाडी-जैन मंडळी त्याच भरवशावर माझ्याकडे येतात. अनोळखी गिऱ्हाइकांचा मला फारसा त्रास नाही. त्रास होतो तो ओळखीच्यांचा, आणि आता तो फारच झालाय, म्हणून लिहितेय.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी आलेल्या असतात, त्यामुळे नातवंडांचे वाढदिवस, जावळं, सगळं त्याच आठवड्यात उरकतात. सासूबाईंच्या भिशीतल्या एक काकू आहेत. त्यांच्या लेकीच्या मुलाचा पहिला वाढदिवस भुसावळला एका हॉलमध्ये होता. 3 किलो, दोन मजली, पांढरं-निळं, ढग आणि फुगे. पिंटरेस्टवरचं चित्र पाठवलं. मी लेकीला फोनवर म्हटलं, ताई, या दिवसांत वरून गनाश (चॉकलेट-क्रीमचा घट्ट लेप) करू, नुसतं क्रीम टिकणार नाही. गनाशचे 3,300 होतील, क्रीमचे 2,700. तर म्हणाल्या, "ते चिकट लागतं, आणि आपल्यात कसले एवढे पैसे, क्रीमच कर." काकू मूळच्या अमळनेरकडच्या, त्यांनी मागून आवाज दिला, "माय, केक शे का सोनं शे?" मी गप्प बसले. 500 रुपये अ‍ॅडव्हान्स आला, बाकीचे संध्याकाळी म्हणाले.

संध्याकाळी पाचला न्यायचं ठरलं होतं. बारा वाजता फोन, हॉलवर सामान जातंय, केकही आत्ताच द्या. बाहेर 44 अंश. केक फ्रीजमध्ये सेट होत होता, तरी दिला. पुढच्या सीटसमोर पायाशी ठेवा, एसी सुरू ठेवा, पोचल्याबरोबर हॉलच्या फ्रीजमध्ये टाका, एवढं तीनदा सांगितलं. रात्री आठला फोटो आला. वरचा मजला तिरपा, निळं क्रीम खालपर्यंत ओघळलेलं, ढग एकही नाही.

त्या लेकराचा पहिला वाढदिवस होता. फोटो बघून मला खूप वाईट वाटलं, रात्रभर झोप नाही.

पण दुसऱ्या दिवशी काकूंनी तोच फोटो भिशीच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "घरगुती केकच्या भानगडीत कोणी पडू नका." उरलेले 2,200 देणार नाहीत, वर दिलेले 500 परत मागताहेत. माझं सामान, बोर्ड, खोका, टॉपर मिळून 1,340 गेलेत. दोन दिवसांची मेहनत मी धरतच नाही. सासूबाई म्हणतात, "देऊन टाक 500, मला दर महिन्याला त्यांच्यात बसायचं असतं." त्यांचंही खोटं नाही. नवरा म्हणतो, एक रुपया देऊ नको.

मी काय करू? आणि ओळखीच्या माणसांशी आधीच पैशाचं, वेळेचं बोलायचं कसं? दुकानदाराला ते जमतं. घरून काम करणाऱ्या बाईने बोललं की "लगेच बाजारू झाली" असं म्हणतात.

---

वैशाखातलं_क्रीम, भुसावळ

ताई, मीही याच धंद्यात आहे, तुमच्याआधीपासून. आधी केकचं बोलते.

फेटलेलं क्रीम म्हणजे स्निग्ध पदार्थाच्या जाळीत अडकवलेली हवा. गार असेपर्यंत जाळी घट्ट राहते. ती सैल पडली की हवा निसटते, पाणी सुटतं आणि वरचं वजन खाली येतं. दोन मजली असेल तर वरचा मजला आधी सरकतो. लोणी 32-35 अंशांना वितळतं, चॉकलेटमधलं कोको बटर 34 च्या आसपास. आपल्याकडे चैत्र-वैशाखात दुपारी सावलीतही त्याहून जास्त असतं. म्हणून मी एप्रिल ते मृगाचा पाऊस पडेपर्यंत बाहेरून क्रीमचा दोन मजली केक घेतच नाही. आत क्रीम, बाहेर गनाश. डार्कला दोन भाग चॉकलेट एक भाग क्रीम, व्हाइटला तीनास एक. खालच्या मजल्यात चार डॉवेल (आधाराच्या काड्या) आणि मधे पातळ बोर्ड. रात्रभर फ्रीजमध्ये. फाँडंटही (साखरेचा लाटलेला थर) आपल्या कोरड्या वैशाखात बरं टिकतं, त्याला घाम फुटतो तो आखाडात.

आणि एक विचारा त्यांना: केक डिकीत होता का? डिकीत एसी पोचत नाही. माझे तीन केक असेच गेलेत. आता मी थर्माकोलच्या पेटीत, कडेला गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून देते. पेटीचे 150 अनामत घेते, पेटी परत आली की पैसे परत.

---

पत्रिकावाला, पाचोरा

मला केकमधलं काही कळत नाही. माझं छपाईचं दुकान आहे, लग्नसराईत पत्रिका. तुमचा दुसरा प्रश्न वाचला आणि राहवलं नाही.

आमच्यात प्रूफ असतं. पत्रिका मशीनवर चढवायच्या आधी एक प्रत काढून घरच्या मोठ्या माणसाच्या हातात द्यायची. नावं, तिथी, मुहूर्त वाचून घ्यायचं आणि खाली सही घ्यायची. सुरुवातीला मी ओळखीच्यांची सही घेत नव्हतो, लाज वाटायची. एकदा मामेभावाच्या पत्रिकेत नवरीच्या आजोबांच्या नावाआधी "कै." छापायचं राहिलं. पाचशे पत्रिका परत छापल्या, पदरचे पैसे घालून, आणि तरी ते घर वर्षभर बोललं नाही. तेव्हापासून सख्ख्या भावाचीही सही घेतो. आता कोणाला वाईट वाटत नाही, कारण सगळ्यांचीच घेतो. एकाची घेतली आणि दुसऱ्याची सोडली की मगच वाईट वाटतं.

तुमच्या केकचं प्रूफ म्हणजे एक मेसेज. वजन किती (बोर्ड सोडून, क्रीम धरून), वरून काय, किती वाजता न्यायचा, घरातून निघाल्यावर जबाबदारी कोणाची, निम्मे पैसे आधी. आणि समोरून "हो" आलं तरच मैदा चाळायला घ्या. बोलताना जीभ अडखळते, लिहिताना अडखळत नाही.

---

जुनं_वडाचं_झाड, चाळीसगाव

500 देऊन टाका. भिशीतल्या बायका वीस, प्रत्येकीच्या घरी दोन वाढदिवस. 500 वाचवताना चाळीस ऑर्डरी घालवाल.

---

आखाजीची_लेक, धुळे

वडाच्या झाडाला नमस्कार करून सांगते, मला हे पटत नाही. 500 परत दिले म्हणजे केक खराब होता हे स्वतःच्या हाताने कबूल केलं. मग चाळीस ऑर्डरी अशाही जातीलच.

पण गोडघास ताई, तुम्हालाही एक बोलायचंय, राग मानू नका. मी त्या लेकीच्या जागी होऊन बघतेय. माझ्या मुलाच्या वाढदिवसालाही केक असाच बसला होता, सासरची पन्नास माणसं समोर, आणि ते फोटो आता कायमचे. त्या क्षणी चूक कोणाची ते सुचत नाही, फक्त रडू येतं. शिवाय क्रीम टिकणार नाही हे तुम्हाला माहीत होतं. त्यांना नव्हतं. त्यांना ते नुसतं 600 रुपये जास्तीचं वाटलं. तुम्ही एकदा सांगितलंत आणि काकू बोलल्यावर सोडून दिलंत. क्रीमचा करणारच नाही, हे तुम्ही म्हणायला हवं होतं. बारा वाजताही "पाचलाच मिळेल" म्हणता आलं असतं.

ग्रुपवर उत्तर देऊ नका. सासूबाईंना मधे घालू नका. त्या लेकीलाच जाऊन भेटा, आखाजी संपून ती सासरी परत जायच्या आत. आमच्याकडे म्हणतात तसं, घाबरू नको बहीन, खरं शे ते बोलानं.

---

गोडघास, जळगाव

सगळ्यांचे आभार. धुळ्याच्या ताई, तुमचं वाचून आधी डोळ्यांत पाणी आलं, मग पटलं. मला माहीत होतं, हे खरं आहे. काकूंनी सोन्याचं म्हटल्यावर मी गप्प बसले, कारण सासूबाई शेजारी बसल्या होत्या. उद्या जाते.

---

गोडघास, जळगाव (सहा दिवसांनी)

जाऊन आले. एकटीच गेले. रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून बाळासाठी छोटा नाचणीचा केक नेला, बिनक्रीमचा.

लेकीला मी आधी म्हटलं की क्रीमचा केक घ्यायला नको होता, ती माझी चूक, आणि बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचे फोटो खराब झाले याचं मला खरंच वाईट वाटतंय. ती एकदम नरम झाली. मग विचारलं, गाडीत कुठे ठेवला होता? ती नवऱ्याकडे बघायला लागली. केक डिकीत होता आणि वाटेत नशिराबादला नातेवाइकांकडे तासभर थांबले होते. काकूंना हे माहीतच नव्हतं. त्या काही बोलल्या नाहीत, पण उठून चहा ठेवला.

मी म्हटलं, माझी मेहनत सोडते, सामानाचे 1,340 झालेत, तेवढे निघू द्या, 500 आलेलेच आहेत. त्यांनी 1,000 दिले. म्हणजे 1,500. 160 परत करायला लागले तर लेक म्हणाली राहू द्या, नाचणीच्या केकचे. ग्रुपवरचा फोटो काकूंनी काढला नाही. मीही मागितलं नाही. सासूबाई त्या दिवशी माझ्याशी फार बोलल्या नाहीत, पण काल भिशीहून आल्या आणि म्हणाल्या, "जोशी गल्लीतल्या बाईला केक पाहिजे. मी सांगितलं तिला, निम्मे आधी लागतात." मला काय वाटलं ते लिहिता येत नाही.

पत्रिकावाले दादा, मेसेज तयार केला. त्यात "निघण्याची वेळ बदलायची असल्यास आदल्या दिवशी सांगावे" हे घातलं आणि उन्हाळ्यापुरतं "दोन मजली केक फक्त गनाशमध्ये" हेही. पहिला पाठवला तो माझ्या सख्ख्या नणंदेला. तिने तासाभराने "हो" लिहिलं आणि पैसेही टाकले.

भुसावळच्या ताई, थर्माकोलची पेटी मला 14 इंच उंचीची हवी आहे, दोन मजल्यांसाठी. जळगावात बघितलेल्या सगळ्या बुटक्या आहेत. तुम्ही कुठून घेता? कोणा विक्रेत्याकडून घेता की मासळीवाल्यांच्या पेट्या कापून जोडता? आणि बाटल्या किती तास पुरतात, तेवढं सांगा. रविवारी पारोळ्याला केक जायचा आहे.