थंड पहाट आणि तापलेली दुपार : फेब्रुवारी-मार्चमध्ये गच्चीवरील झाडे कशी सांभाळावीत?

गच्चीकर (नाशिक)
आमची गच्ची पश्चिमेला पूर्ण उघडी असून तिथे कुंड्यांमध्ये टोमॅटो, मिरची, गुलाब आणि एका मोठ्या ड्रममध्ये केशर आंब्याचे कलम आहे. फेब्रुवारी सरता सरता पहाटे पारा ११-१२ अंशांवर असतो आणि दुपारी ३४ अंशांपर्यंत चढतो. या दिवसांत टोमॅटोची फुले गळतात, आंब्याच्या मोहोरावर पांढरी भुकटी दिसते आणि दुपारी मिरची माना टाकते. शेडनेट आताच बांधावी, की थंडी पूर्ण ओसरेपर्यंत थांबावे? रात्री झाडे झाकण्याची गरज आहे का? कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

मृण्मयी (पुणे)
११-१२ अंशांच्या थंडीने रुजलेल्या झाडांचे नुकसान होत नाही. त्यामुळे नुकत्याच उगवलेल्या रोपांवर जुनी सुती चादर टाकण्यापलीकडे रात्री काही झाकू नये. प्लॅस्टिक तर मुळीच नको, कारण सकाळी ते काढायला उशीर झाला तर आतली रोपे अक्षरशः वाफवली जातात. टोमॅटोच्या फुलगळीचे कारण परागकणांत आहे. रात्रीचे तापमान साधारण १३ अंशांखाली किंवा दिवसाचे ३२-३५ अंशांवर गेले की परागकण नीट काम करत नाहीत, आणि आपल्याकडे सध्या एकाच दिवसात या दोन्ही टोकांना झाड सापडते. यावर खत हा उपाय नाही. उलट या काळात नत्र वाढवले तर कोवळी पालवी फुटून तीच आधी होरपळते. शेडनेट बांधाच, मात्र पूर्ण गच्चीवर छत घालू नका. ५० टक्के सावलीची जाळी पश्चिमेच्या बाजूला पडद्यासारखी लावली, तर सकाळचे ऊन मिळते आणि दुपारचे अडते. काळ्या कुंड्यांची माती बाजूंनी तापते, म्हणून त्या एकमेकींना खेटून, विटांवर ठेवाव्यात आणि मातीवर वाळलेल्या पानांचे जाड आच्छादन घालावे.

शिवारातला (निफाड)
वरील उत्तरातील बहुतेक गोष्टी पटल्या, पण आच्छादनाची घाई करू नये असे माझे मत आहे. उघडी, ओलसर माती दिवसा ऊन साठवते आणि रात्री ती ऊब झाडाला देते. जाड आच्छादनामुळे ही देवाणघेवाण थांबते आणि मुळे गारच राहतात. पहाटेचे तापमान सलग आठवडाभर १५ अंशांच्या वर राहू लागले, की मग पाचट किंवा पाने अंथरावीत. आमच्याकडे थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांखाली उतरतो, तेव्हा द्राक्षबागेला रात्री पाणी देतात आणि पहाटे बांधावर शेकोट्या पेटवतात. यातले पाणी तुम्हाला उपयोगी आहे, धूर नाही. गच्चीवर ऊब टिकत नाही आणि शेजारी मात्र जागे होतात.

गच्चीकर (नाशिक)
धन्यवाद. परंतु संध्याकाळी पाणी दिल्यास मोहोरावरची भुकटी आणखी वाढणार नाही का?

शिवारातला (निफाड)
पाणी बुंध्याशी द्यावे, पानांवर नाही. शिवाय ही भुकटी म्हणजे भुरी हा बुरशीजन्य रोग असावा, आणि डाऊनी (केवडा) या दुसऱ्या रोगाला लागते तसे भुरीला वाढण्यासाठी पानावर पाणी साचावे लागत नाही. गार रात्र आणि कोरडी, उबदार दुपार एवढे तिला पुरते. एरवी थंडीची लाट नसेल तेव्हा सकाळीच पाणी घालणे चांगले.

कलमवाला (दापोली)
आंब्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो. भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात फवारतात, पण मोहोर पूर्ण उमललेला असताना फवारणी टाळावी, म्हणजे परागीभवनात अडथळा येत नाही, आणि भर उन्हातही ती करू नये, कारण गंधकाने कोवळा मोहोर करपतो. मोहोराच्या वेळी रात्री फार गार राहिल्या तर नर फुलांचे प्रमाण वाढते, त्यामुळे मोहोर भरगच्च दिसूनही कणी (अगदी बारीक फळे) कमी धरते. त्याला गच्चीवर फारसा इलाज नाही. पुढे फळे वाटाण्याएवढी असताना ऊन अचानक ३५ अंशांवर गेले की गळ सुरू होते. कोकणात बागेतील मोठ्या झाडाला अशा वेळी १५० ते २०० लिटर पाणी दर पंधरा दिवसांनी देऊन बुंध्याभोवती गवत अंथरतात. ड्रममधल्या कलमाला हे वेळापत्रक लागू पडणार नाही, कारण तेवढ्या मातीत ओल टिकतच नाही. तिथे थोडे थोडे पण नियमित पाणी हवे आणि पाणी एकदम वाढवणे किंवा तोडणे टाळावे. फळे धरल्यावर पुन्हा थंडी आली तर कलम नवा मोहोर काढते आणि आधीची फळे टाकते. बागायतदार त्यासाठी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशीनुसार जिबरेलिक ॲसिड वापरतात, परंतु एका झाडासाठी तो खटाटोप करण्यापेक्षा नवा मोहोर कोवळा असतानाच हाताने खुडून टाकावा.