अमेरिकेत नाराज मतदार एवढे, मग तिसरा उमेदवार दर वेळी बुडतो कसा?

वाटसरू

ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या गॅलप पाहणीत ६३ टक्के अमेरिकन लोकांनी तिसरा मोठा पक्ष हवा असं सांगितलं. वर्षभराने मतदान झालं तेव्हा ट्रम्प आणि हॅरिस सोडून बाकी सगळ्यांना मिळून जेमतेम दोन टक्के. मधे एवढी गळती कुठे होते? तिसऱ्याला दिलेलं मत 'वाया जातं' म्हणतात, ते हिशोबात नेमकं कसं? आणि दोघेही नकोत अशा मतदाराने मत द्यायला जाण्याआधी काय तपासावं? 'मोठे पक्ष डोकं वर काढू देत नाहीत' हे उत्तर माहीत आहे. कसं काढू देत नाहीत, ते हवं आहे.

आकडेमोड

हिशोबापासून सुरुवात करतो. अध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी ठरत नाही, राज्याराज्यांतून निवडून आलेले इलेक्टर त्याला निवडतात. एकूण इलेक्टर ५३८, जिंकायला २७० लागतात. मेन आणि नेब्रास्का सोडून ४८ राज्यांत (आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये) जो पहिला येतो तो सगळे इलेक्टर घेऊन जातो. दुसऱ्यालाच काही मिळत नाही, तिथे तिसऱ्याचं काय!

त्यामुळे मतं किती यापेक्षा ती कुठे साचली आहेत याला महत्त्व. १९९२ मध्ये अपक्ष रॉस पेरो यांना १८.९ टक्के, म्हणजे जवळपास १ कोटी ९७ लाख मतं मिळाली आणि इलेक्टर शून्य. मेनमध्ये ते थोरल्या बुशच्या पुढे होते, युटामध्ये बिल क्लिंटनच्या पुढे, पण दोन्हीकडे दुसरे. १९६८ मध्ये जॉर्ज वॉलेसना १३.५ टक्केच होते, पण दक्षिणेत एकगठ्ठा. पाच राज्यं जिंकली, ४६ इलेक्टर मिळाले. देशभर पातळ पसरलेली नाराजी इथे मोजलीच जात नाही.

कुणालाच २७० मिळाले नाहीत तर 'त्रिशंकू' म्हणून तिसऱ्याचा भाव वधारेल असं वाटतं. तेही नाही. निवड संसदेच्या प्रतिनिधिगृहात जाते, पहिल्या तिघांतूनच करायची असते, आणि प्रत्येक राज्याला एकच मत. कॅलिफोर्नियालाही एक, वायोमिंगलाही एक, २६ झाली की अध्यक्ष ठरला. त्या सभागृहात तिसऱ्या पक्षाचं कुणी नसतं. अशी वेळ शेवटची १८२४ च्या निवडणुकीत आली होती.

आता 'वाया'. फ्लोरिडा २००० चं उदाहरण सगळे देतात: धाकट्या बुशची आघाडी ५३७, ग्रीन पक्षाचे राल्फ नेडर यांना ९७,४८८ मतं. २०१६ मध्ये मिशिगनला ट्रम्प आणि हिलरी क्लिंटन यांच्यातला फरक १०,७०४ आणि ग्रीन पक्षाच्याच जिल स्टाइनना ५१,४६३. पण इथून लोक जी उडी मारतात ती चुकीची आहे. स्टाइनची सगळी मतं हिलरींच्या खात्यात टाकायची, तर त्याच मिशिगनमध्ये लिबर्टेरियन पक्षाच्या गॅरी जॉन्सनना पडलेली १ लाख ७२ हजार मतं कुणाच्या खात्यात टाकणार? १९९२ च्या एक्झिट पोलमध्ये पेरोच्या मतदारांना दुसरी पसंती विचारली तर ३८ टक्के बुश, ३८ टक्के क्लिंटन. उरलेल्यांपैकी बरेच जण घरीच बसले असते. २०२० मध्ये उलट बाजू दिसली: जॉर्जियात बायडन ११,७७९ मतांनी आले आणि लिबर्टेरियन जो जॉर्गन्सनना ६२ हजारांवर मतं होती. तेव्हा रिपब्लिकनांनी हळहळ केली. फ्लोरिडासारखा केसाएवढा फरक असेल तिथे 'नेडरमुळे' म्हणायला जागा आहे, बाकी ठिकाणी तो हरलेल्या पक्षाचा आवडता बहाणा आहे.

शाईचा डाग

वरचा हिशोब बरोबर, पण तो नाव मतपत्रिकेवर आल्यानंतरचा. खरी गळती त्याआधीच होते. अध्यक्षपदासाठी देशपातळीवर अर्ज भरायची सोय नाही. ५० राज्यं आणि राजधानी मिळून ५१ वेगवेगळे अर्ज, ५१ मुदती, ५१ नियमावल्या.

२०२४ मध्ये अपक्षासाठी टेनेसीत २७५ सह्या पुरत होत्या. लुइझियानात सह्या नकोत, ५०० डॉलर भरले तरी चालतं. ओक्लाहोमात हाच रस्ता ३५,००० डॉलरचा. न्यूयॉर्कमध्ये ४५,००० सह्या आणि मुदत सहा आठवडे. कॅलिफोर्नियात २,१९,४०३. टेक्सासमध्ये १,१३,१५१, आणि खोच अशी की सही करणाऱ्याने त्या वर्षी कुठल्याही पक्षाच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात) मत दिलेलं नको. प्रायमरी मार्चच्या सुरुवातीला, त्यानंतरच सह्या सुरू करायच्या आणि मेच्या मध्याला कागद जमा. म्हणजे राजकारणात रस असलेला, मत द्यायला जाणारा माणूसच बाद. उरतात ते लोक, ज्यांना रस्त्यात थांबवून सही मागितली तर 'कसली निवडणूक?' विचारतात.

आकडा गाठला म्हणजे झालं असंही नाही. मतदार यादीत नाव नसणं, पत्ता जुना, तारीख राहिलेली, एकाच माणसाची दोनदा सही, असं काहीही निघालं की ती सही गेली. म्हणून जाणकार मंडळी किमान दीडपट गोळा करतात. शिवाय विरोधी वकील एकेक पान भिंगातून बघायला बसलेले असतातच.

कागद कसे फसतात त्याचे नमुने:

विस्कॉन्सिन २०२०. सह्या फक्त २,००० लागतात. ग्रीन पक्षाच्या हॉवी हॉकिन्सनी त्याहून जास्त दिल्या होत्या. पण उपाध्यक्षपदाच्या उमेदवार मधेच घर बदलून गेल्या, त्यामुळे काही पानांवर एक पत्ता, काहींवर दुसरा. त्या पानांच्या सह्या धरल्या नाहीत, आकडा २,००० च्या खाली गेला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ४ विरुद्ध ३ ने त्यांना बाहेरच ठेवलं, कारण टपाली मतपत्रिका पाठवायची वेळ येऊन ठेपली होती.

नेवाडा २०२४. अपक्ष उमेदवार रॉबर्ट केनेडी ज्युनियर यांनी सह्यांच्या अर्जावर उपाध्यक्षाचं नावच दिलं नव्हतं. अपक्षाला तिथे ते द्यावं लागतं. सगळ्या सह्या नव्याने.

न्यूयॉर्क २०२४. त्याच केनेडींनी राज्यातला जो पत्ता दिला, तो त्यांचा खरा निवास नाही असं न्यायाधीशांनी ठरवलं. अर्ज रद्द.

जॉर्जिया २०२४ तर कहर. मत खरं तर इलेक्टरांना पडतं, म्हणून तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपक्षाच्या इलेक्टरांनी स्वतःच्या नावाने सह्यांचे अर्ज द्यायला हवे होते. कॉर्नेल वेस्ट आणि क्लॉडिया दे ला क्रूझ हे उमेदवार त्यात गेले. तोवर मतपत्रिका छापून झाल्या होत्या, त्यामुळे नावं तशीच राहिली, मतं मात्र मोजायची नाहीत आणि तशी सूचना मतदान केंद्रात लावायची. 'वाया गेलेलं मत' कुणाला अक्षरशः पाहायचं असेल तर ते हे.

वाटसरू

जॉर्जियाचं माहीत नव्हतं, धन्यवाद. पण पेरो तर सगळीकडे मतपत्रिकेवर होते आणि वादचर्चेतही होते. आता तसं का होत नाही? पैसा?

आकडेमोड

पेरोंनी स्वतःचे कोट्यवधी डॉलर ओतले, तो भाग आहेच. पण दारही नंतर अरुंद केलं गेलं. १९९२ नंतर सार्वत्रिक निवडणुकीच्या अध्यक्षीय चर्चेच्या मंचावर तिसरा उमेदवार आलेला नाही. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या वादचर्चा आयोगाने २००० पासून अट घातली: पाच राष्ट्रीय पाहण्यांत सरासरी १५ टक्के, आणि २७० इलेक्टर होतील इतक्या राज्यांत मतपत्रिकेवर नाव. २०२४ मध्ये आयोगाला बाजूला सारून सीएनएनने २७ जूनला चर्चा घेतली, तिथेही चार पाहण्यांत १५ टक्के आणि २७० चीच अट. जूनमध्ये बऱ्याच राज्यांतले सह्यांचे कागद तपासूनसुद्धा झालेले नसतात! मंचावर गेल्याशिवाय १५ टक्के होत नाहीत आणि १५ टक्के झाल्याशिवाय मंच नाही.

पैशाची मेख वेगळी आहे. ५ टक्के मतं मिळाली तर पुढच्या निवडणुकीसाठी सरकारी निधीतला वाटा मिळतो. पेरोंच्या १९९२ च्या कामगिरीवर १९९६ ला सुमारे २ कोटी ९० लाख डॉलर आले, १९९६ च्या ८.४ टक्क्यांवर रिफॉर्म पक्षाला २००० साठी १ कोटी २६ लाख. त्यावर डल्ला मारायला पक्षात मारामाऱ्या झाल्या, उमेदवारी ब्यूकॅनन यांच्याकडे गेली, मतं अर्धा टक्काही नाही. पक्ष तिथेच आटोपला.

आणि उन्हाळ्यातले आकडे बघून हुरळू नये. जून १९९२ च्या गॅलपमध्ये पेरो ३९ टक्क्यांवर, पहिले होते. जुलैत माघार, ऑक्टोबरला परत, शेवटी १९. १९८० मध्ये अपक्ष जॉन अँडरसन वीस टक्क्यांच्या पुढे जाऊन ६.६ वर उतरले. जॉन्सन २०१६ मध्ये नऊ-दहावरून ३.३ वर. पाहणीत 'तिसरा' म्हणणं फुकट असतं. नोव्हेंबर जवळ आला की माणूस नावडत्या दोघांतला जास्त नावडता कोण ते ठरवतो.

उंबरठा

तिसरा प्रश्न तसाच राहिलाय, मतदाराने काय तपासायचं तो.

आधी राज्याच्या निवडणूक कार्यालयाची नमुना मतपत्रिका उघडायची. बातम्यांवर जायचं नाही. केनेडींनी २३ ऑगस्ट २०२४ ला प्रचार थांबवला, तरी मिशिगन आणि विस्कॉन्सिनमध्ये नाव राहिलं. नॉर्थ कॅरोलिनात काढलं, पण त्यापायी टपाली मतपत्रिका पुन्हा छापाव्या लागून दोन आठवडे उशीर झाला.

हाताने नाव लिहायचं असेल, म्हणजे राइट-इन, तर आधी चौकशी करा. हवाई, ओक्लाहोमा, साउथ डकोटा, लुइझियाना अशा काही राज्यांत ती सोयच नाही. बाकी बहुतेक राज्यांत उमेदवाराने आधी नोंदणी केली असेल तरच ते मत त्याच्या नावावर धरतात. मिकी माउस लिहून कुणाला निरोप पोचत नाही.

नेवाडात 'यांपैकी कुणीही नाही' असा पर्याय आहे. २०१६ मध्ये त्याला २८,८६३ मतं पडली, हिलरी क्लिंटनची आघाडी होती २७,२०२. मात्र तो पर्याय पहिला आला तरी जिंकतो पुढचा माणूसच.

न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये एकच उमेदवार दोन पक्षांच्या ओळींवर उभा राहू शकतो. माणूस पटतो पण पक्ष नाही, अशांनी दुसऱ्या ओळीवर खूण करावी. मत त्याच उमेदवाराला जातं आणि छोट्या पक्षाच्या खात्यातही मोजलं जातं. न्यूयॉर्कमध्ये पक्षाची मान्यता टिकवायला १,३०,००० मतं किंवा २ टक्के, यातलं जे जास्त असेल ते लागतं. २०२० मध्ये तिथे ग्रीन आणि लिबर्टेरियन दोघांचीही मान्यता गेली.

मेन आणि अलास्कात पसंतीक्रम लावता येतो, म्हणजे तिसऱ्याला पहिली पसंती देऊन दुसरी मोठ्या पक्षाला. तिसरा बाद झाला की मत दुसऱ्या पसंतीकडे जातं. दुसरी पसंती रिकामी ठेवली तर त्या सोयीचा उपयोग शून्य, हे बऱ्याच जणांना कळत नाही. बाकी राज्यांत ही पद्धत एवढ्यात येईल असं वाटत नाही, नोव्हेंबर २०२४ मध्ये कोलोरॅडो, आयडाहो, नेवाडा, ओरेगन, चारही राज्यांत मतदारांनी तिला नकार दिला.

शाईचा डाग

उंबरठा यांच्या यादीत एक भर. अध्यक्षपदाची ओळ कोरी सोडली तर बाकीची मतपत्रिका बाद होत नाही. खाली सिनेट, प्रतिनिधिगृह, राज्याची पदं, सार्वमताचे प्रस्ताव असतात, ती मतं नेहमीसारखी मोजली जातात. मात्र एकाच पदासाठी दोन नावांवर खूण केली तर त्या पदाचं मत बाद. 'दोघांनाही निषेध' म्हणून दोन्ही गोल काळे करू नयेत.