लिव्हरपूल: १८०७ नंतरचं काय?

असं म्हटलं जातं की इंग्लंडचं लिव्हरपूल बंदर गुलामांच्या व्यापारावर मोठं झालं आणि १८०७ ला तो बंद झाल्यावर उतरणीला लागलं. पहिलं अर्धं बरोबर, दुसरं अजिबात नाही. बंदर खरं फुगलं ते त्यानंतर, कापसावर, आणि तो कापूस अमेरिकेतले गुलामच पिकवत होते, म्हणजे हात काही स्वच्छ झाले नव्हते. गाठी लिव्हरपूलला उतरायच्या, तिथून लँकेशायर परगण्यातल्या कापड गिरण्यांत, १८३० पासून तर थेट रेल्वेने मँचेस्टरला.

मग १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, कापूस आटला आणि निम्मं लँकेशायर बेकार. तेव्हा आपल्याकडचा कापूस तिकडे गेला, कुठलाही असो, तिकडे त्याला सरसकट 'सुरत'च म्हणायचे. आखूड धाग्याचा, कचरा भरपूर, सूत सारखं तुटायचं, कामगार वैतागलेले. इकडे मुंबईत मात्र पैशाचा पूर, समुद्र भरून जमीन करायला निघालेल्या बॅक बे कंपनीच्या शेअरचा सट्टा, आणि १८६५ ला युद्ध संपताच सगळे झोपले!

उतरणच शोधायची तर १८९४ बघा. लिव्हरपूलचे गोदी-कर आणि रेल्वेचं भाडं परवडेना म्हणून मँचेस्टरवाल्यांनी ५८ किमीचा कालवा खणून जहाजं थेट स्वतःच्या दारात आणली. तरी लिव्हरपूलचं बंदर पुढे बरीच वर्षं तगलं म्हणा. तिकडे जाणं झालं तर लिव्हरपूल वन मॉलबाहेर फरशीत एक गोल काच आहे, त्यातून खाली १७१५ च्या जुन्या गोदीची विटांची भिंत दिसते, लोक शॉपिंगच्या पिशव्या घेऊन वरून चालत जातात.