अनुभव धागा: मणी ओवता ओवता गणित

नाशिकमध्ये तीन ते सात वर्षांच्या मुलांसोबत मणी ओवून गणित घेणाऱ्यांनी इथे लिहावं. साहित्य, मापं आणि गाडी नेमकी कुठे अडते, ते सांगा.

अंगणवाडीताई, पंचवटी
सुरुवात १२ ते १५ मिमीच्या लाकडी मण्यांनी आणि बुटाच्या नाडीने करा. नाडीचं टोक सेलोटेपने ताठ करा, सुई नको. दुसऱ्या टोकाला एक मणीच बांधा, कारण नुसती गाठ मोठ्या भोकातून निसटते. तीन वर्षांखालचं भावंड जवळ असेल तर मणी बाहेर काढूच नका.

पहिलीच्या वर्गशिक्षिका, नाशिक तालुका
शंभराची गणितमाळ घरीही होते. १० मिमीचे ५० लाल, ५० पांढरे मणी. दहा लाल, दहा पांढरे असे आळीपाळीने ओवा. मण्यांचीच लांबी एक मीटर होते, म्हणून दोरी दीड मीटर घ्या. गाठी बांधूनही वीतभर दोरी मोकळी राहिलीच पाहिजे. माळ घट्ट झाली की मणी सरकत नाही, मूल नुसतं बोट फिरवतं, आणि तोंड पुढे, बोट मागे असं होतं. मणी सरकवल्याशिवाय पुढची संख्या म्हणायची नाही, हा नियम ठेवा. संख्या लिहिलेला चिमटा त्या मण्याच्या पुढच्या फटीत लावा. मण्यावर लावला तर मणी झाकतो आणि मोजणी चुकते.
एकोणतीस ऐकून मुलं हमखास ३९ लिहितात. माळेवर तिसरा रंगगट ३० ला संपतो आणि २९ त्याच्या एक मणी अलीकडे दिसतो. हे तोंडी कितीही सांगा, पटत नाही. माळेवर लगेच पटतं.

पालक, सिडको
आकृतिबंधासाठी लाल-निळा-निळा हा क्रम निदान तीनदा ओवून दाखवा. एकदाच दाखवला तर पुन्हा काय येतंय ते मुलाला कळत नाही. मग मधला एक मणी रुमालाखाली लपवून रंग विचारा. ब्रेसलेट करताना मण्यांची संख्या गटाच्या पटीत हवी. तीनच्या गटाला १५ किंवा १८ चालतात. १६ घेतले तर गाठीपाशी क्रम मोडतो. लाल-निळा असा दोनचाच गट असेल तर १४ किंवा १६.

आजी, गंगापूर रोड
सात वर्षांच्या नातवंडांसाठी जपमाळ वापरा: मेरुमणी सोडून १०८. दहाचे दहा गट, आठ उरतात. नवाचे बारा गट केले की काहीच उरत नाही. रामकुंडाजवळ माळ घेताना मण्यांमध्ये गाठी नाहीत ना, ते पाहा.