देणगी थेरपीला द्यायची की सर्व्हेला?

रानवाट: आम्ही चार मित्र दरवर्षी मिळून थोडी देणगी देतो. यंदा लायबेरियाच्या राजधानीत, मन्रोव्हियात, प्रयोग म्हणून झालं तशा कामाला द्यायचंय, म्हणजे चोऱ्या, मारामाऱ्या, ड्रग्ज यात अडकलेली तरुण पोरं, त्यांना ८ आठवडे सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी) आणि वर २०० डॉलर रोख. एक मित्र म्हणतो पैसे डेटा गोळा करायला दे, म्हणजे नंतर पोरांना शोधून सर्व्हे करायला. मला पटत नाहीये, पोरांचे पैसे काढून फॉर्म भरायचे का?

मिठागर: मित्राचं ऐक. तिथे ९९९ जण होते, लॉटरीने गट पाडले. वर्षभरात नुसत्या थेरपीचा परिणाम बराच ओसरला, थेरपी आणि रोख दोन्ही मिळालेल्यांचा टिकला, आणि १० वर्षांनी परत गाठलं तेव्हाही त्या गटात चोरी वगैरे, काहीच न मिळालेल्यांच्या तुलनेत, साधारण निम्म्यावर होती. कुणीतरी शोधायचा खर्च उचलला म्हणून कळलं ना हे! यातल्या कित्येकांना धड पत्ता नाही, फोन बदलतात, एकेकाला शोधायला वेळ आणि माणसं लागतात.

रानवाट: पण पोरं खरं सांगतात का?

सांजवारा: हाच प्रश्न तो प्रयोग करणाऱ्या टीमलाही पडला होता. मग त्यांनी काही जणांसोबत अनेक दिवस घालवले, गप्पा मारत विश्वास कमावला आणि सर्व्हेतली उत्तरं ताडून पाहिली. चोरी-ड्रग्जबद्दल फारशी लपवाछपवी निघाली नाही. असल्या तपासणीला देणगीदार सहसा पैसे देत नाहीत, तू दे.

रानवाट: पटलं. आज मित्रांशी बोलतो.